यमाच्या दारातला पाहुणा

“जिसको चाहिए होगा, वो ढूँढ लेगा.”

लुधियान्याचे एक कारखानदार आमच्या ऑफिसात बसून हे म्हणाले. सायकलीचे सुटे भाग बनवतात. हब, ॲक्सल, फ्रीव्हील. त्यांच्या बोलण्यात मगरुरी अजिबात नव्हती. उभी हयात धंद्यात गेलेला माणूस अनुभवानं बोलत होता. माल चांगला असला की गिऱ्हाईक वाट काढत येतंच, असं त्यांचं म्हणणं. वेबसाइट उघडली की आधी कारखान्याचा व्हिडिओ लागावा, मग संस्थापकांचा फोटो, मग मिळालेल्या सन्मानचिन्हांची रांग. कुठला हब कुठल्या मापात मिळतो, कमीत कमी किती नग घ्यावे लागतात, चौकशी कुणाकडे करायची, हे आत कुठेतरी असलं तरी चालेल. ज्याला हवंय तो शोधेल.

चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये व्यवसायांच्या वेबसाइट्स डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकत आले आहे. ते ऐकलं की मला बाजाराच्या आधी देऊळ आठवतं. कारण हा युक्तिवाद मुळात धर्मातला आहे. खरी तळमळ असेल तर माणूस डोंगर चढेल, संस्कृत शिकेल, रांगेत रात्र काढेल. वाट सोपी केली तर कुणीही सोम्यागोम्या येईल आणि देवाची किंमत उतरेल. अडचण म्हणजे पात्रतेची परीक्षा. या विचाराला मी हसण्यावारी नेत नाही. पायी वारीला निघालेल्या माणसाच्या हातात कुणी पंढरपूरच्या एसटीचं तिकीट ठेवलं, तर त्याचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. त्याला चालायचंच आहे. मग कुठले कष्ट माणसाला मोठं करतात आणि कुठले त्याला नुसतं दाराबाहेर ठेवतात? आणि ज्याचं तोंडही आपण कधी पाहणार नाही, अशा माणसाचे कष्ट कमी करणं हे पुण्याचं काम आहे, की गिऱ्हाइकाची निव्वळ सोय?

मला पटलेलं उत्तर कठोपनिषदात आहे, आणि तेही आत्मज्ञानाच्या गाजलेल्या भागात नाही. सुरुवातीला जी गोष्ट आपण भराभर वाचून पुढे जातो, तिच्यात आहे. वाजश्रवसानं यज्ञात सर्वस्व द्यायचं ठरवलं आणि दिल्या त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई. मुलाला, नचिकेताला, ते बघवेना. मला कुणाला देणार, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला तेव्हा बाप चिडून म्हणाला, मृत्यूला. पोरगा निघाला आणि यमाच्या घरी पोचला. यम घरी नव्हता. तीन रात्री हा मुलगा तिथे अन्नावाचून राहिला. यम परतला, त्याला हे कळलं, आणि साक्षात मृत्यू त्या पोरापुढे ओशाळला. ज्याच्या घरी पाहुणा उपाशी राहतो त्याचं सगळं पुण्य जातं, म्हणून यमानं त्याला नमस्कार केला आणि ताटकळलेल्या दर रात्रीमागे एक, असे तीन वर देऊ केले.

या हिशेबाचं मला फार अप्रूप आहे. तीन रात्री, तीन वर. पाहुण्याला वाट बघायला लावलं याचं कर्ज झालं आणि ते रात्रीच्या मापानं फेडलं गेलं. पोरगा खरा जिज्ञासू आहे की नाही ते बघायला यमानं मुद्दाम त्याला खोळंबून ठेवलं, असं उपनिषदाला सहज म्हणता आलं असतं. ते तसं म्हणत नाही. परीक्षा पुढे आहे. तिसऱ्या वरात नचिकेतानं मरणानंतर काय उरतं ते विचारलं, तेव्हा यम त्याला वळवू लागला: शंभर वर्षं जगणारी मुलंनातवंडं घे, हत्तीघोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. पोरगा बधला नाही. या दुसऱ्या अडचणीबद्दल यम माफी मागत नाही, कारण ती त्या ज्ञानाचीच अडचण आहे. मोह सुटल्याशिवाय ते हाती लागतच नाही. तीन रात्रींच्या उपासातून मात्र नचिकेताला काहीही मिळालं नव्हतं. ती घरधन्याच्या गैरहजेरीची झळ होती आणि ती पाहुण्याला बसली होती.

तेव्हा अडचणी दोन जातींच्या. एक दाराची, एक वस्तूची. सायकलचा हब निवडताना स्पोक किती, ॲक्सलची जाडी किती, ब्रेक कुठला, हे डोकं लावून ठरवावं लागतं. ती वस्तूची अडचण, आणि ती घेणाऱ्यानं सोसलीच पाहिजे. तो तक्ता तीन मेनूंच्या आड एका पीडीएफमध्ये पुरून ठेवलेला असणं ही दाराची अडचण. माझा सगळा धंदा या दोहोंमधली सीमा ओळखण्याचा आहे. ती नेहमी स्पष्ट दिसते असं नाही.

आमचं आयटी पार्क शहराच्या पूर्व कडेला, किशनगढ आणि मनीमाजऱ्याला लागून आहे. पूर्ण नाव राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क; सप्टेंबर २००५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. इन्फोसिससारख्या कंपन्यांच्या मोठ्या इमारती, त्यांच्या आडोशाला आमच्यासारखी छोटी ऑफिसं, उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या. इथून जवळच, पंचकुल्याच्या हद्दीत, माता मनसादेवीचं मंदिर आहे. मनीमाजऱ्याचे राजे गोपालसिंह यांनी ते १८११ ते १८१५ या काळात बांधलं. चैत्रात आणि आश्विनात नवरात्राची जत्रा भरते तेव्हा आमच्या रस्त्यावरून लोकांची रीघ लागते. पुष्कळ जण अनवाणी. आणि त्यांच्या वाटेवर लोक तंबू ठोकून भंडारे लावतात. पुरीछोले, शिरा, गार पाणी, बसायला सतरंजी. अनवाणी चालणाऱ्याचं पुण्य या पाण्यानं कमी होतं असं इथे कुणालाही वाटत नाही. चालणं त्यानं स्वतः पत्करलेलं आहे, तहान पत्करलेली नाही. वस्तूची अडचण आणि दाराची अडचण यांतला फरक या भंडारेवाल्यांइतका स्वच्छ कळलेला मला कुणी भेटला नाही.

शहराबद्दलही एक सांगायला हवं. वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए १९५१ मध्ये इथे आले आणि त्यांनी साधारण ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब अशा सेक्टरांचं हे शहर आखलं. रस्त्यांचे वेगानुसार सात प्रकार केले, म्हणजे धावणाऱ्या गाडीची आणि चालणाऱ्या माणसाची गाठच पडू नये. सेक्टर आणि घर नंबर सांगितला की परका माणूस बिनबोभाट पोचतो. पण सगळे चौक इतके एकसारखे गोल, की नवखा आपण कुठल्या गोलावर आहोत तेच विसरतो. सगळं एका साच्यातलं असलं की वाट सोपी होते हे अर्धंच खरं आहे. आपण कुठे आहोत हेही कळावं लागतं.

आता एक प्रसंग जवळून. एका पॅथॉलॉजी लॅबची जुनी साइट नव्यानं करायचं काम आलं होतं. जुनं काही मोडण्याआधी ते माणसांकडून वापरून घ्यायचं, ही आमची रीत. आला तो तिशीतला एक अंध तरुण, बँकेत नोकरी करणारा. सोबत स्वतःचा लॅपटॉप आणि त्यात एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला, जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला, आणि आज तो कुणालाही फुकट वापरता येतो. पडद्यावर जे आहे ते हा प्रोग्रॅम बोलून दाखवतो. सरावलेली माणसं तो इतक्या वेगानं लावतात की आपल्याला त्यातलं अक्षर कळत नाही. या तरुणानं माझ्यासाठी वेग कमी केला.

काम साधं दिलं होतं. आईच्या रक्ताचा नमुना घ्यायला घरी कुणी यावं, यासाठी वेळ ठरवायची. तो टॅबची कळ दाबत गेला आणि आवाज म्हणत गेला: लिंक, लिंक, ग्राफिक, लिंक, बटन. कसलं बटन ते नाही. मग फॉर्म आला. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. डोळस माणसाला प्रत्येक चौकटीच्या वर नाव, वय, फोन असे शब्द दिसत होते. पण कोडमध्ये त्या शब्दाची आणि त्या चौकटीची गाठ मारलेली नव्हती, त्यामुळे आवाजाला फक्त रिकाम्या चौकटी सापडत होत्या. त्यानं क्रमाचा अंदाज बांधून नाव भरलं, वय भरलं. तारखेला येऊन अडला. दिनदर्शिका फक्त माउसच्या टिचकीनं उघडत होती. मी तारीख भरून दिली. शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र आलं, ती अक्षरं ओळखून लिहा म्हणून. ऐकण्याची सोय नव्हती. त्यानं हात कीबोर्डवरून उचलले आणि अगदी सहज स्वरात म्हणाला, “अब इसके लिए माँ को ही बुलाना पड़ेगा.”

म्हणजे आजारी आईनं उठून यायचं आणि तिच्यासाठी मुलाला जे करायचं होतं ते स्वतः करायचं. साखरेच्या उपाशीपोटीच्या तपासणीआधी निदान आठ तास उपाशी राहणं ही वस्तूची अडचण आहे. तिच्यावाचून आकडा खरा येत नाही, आणि ती कुणी टाळू नये. चौकटीला नाव नसणं यातून मात्र कुणाचंही, काहीही साधत नाही. लॅबचाही फायदा नाही. त्या शब्दाची आणि चौकटीची गाठ मारणं हे एका ओळीचं काम आहे. एक ओळ लिहिली गेली नाही याची किंमत आयुष्यभर कोण मोजतं ते मी त्या टेबलाशी बसून पाहिलं.

अशा ओळी पुष्कळ असतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नाजूक दिसतात म्हणून डिझायनरांना आवडतात. रंगाच्या कोडमध्ये सहाही जागी नऊ असलेला राखाडी रंग घेतला तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर २.८५ भरतं. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे, ते साध्या मजकुराला किमान ४.५ मागतात. साठीच्या डोळ्याला, उन्हात मोबाइल धरलेल्या रिक्षावाल्याला, २.८५ म्हणजे जवळपास कोरी पाटी. इंग्रजीसाठी बांधलेल्या ओळींच्या अंतरात देवनागरी कोंबली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, मात्रा छाटल्या जातात. गुरुमुखीचीही तीच गत. पान कुठल्या भाषेतलं आहे हे कोडमध्ये सांगितलं नसेल तर स्क्रीन रीडर हिंदी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि घोटाळा होतो. यातलं काहीही अवघड नाही. त्यासाठी पलीकडे माणूस आहे एवढं फक्त मनात धरावं लागतं, आणि तेच सगळ्यांत कठीण आहे, कारण तो दिसत नाही. दुकानाच्या पायरीवर आंधळा माणूस अडखळला तर दुकानदार धावतो. वेबसाइटवर अडखळलेला माणूस गुपचूप निघून जातो आणि आकडेवारीत एक भेट कमी कालावधीची, एवढीच त्याची नोंद राहते.

मी हिंगोलीकडची. औंढा नागनाथ आणि नामदेवांचं नरसी, दोन्ही आमच्या पंचक्रोशीतली. औंढ्याची कथा आमच्याकडे प्रत्येक मुलाला माहीत असते. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना तिथून हटवलं, मागच्या बाजूला जा म्हणाले. ते मागे गेले आणि तिथे कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. पुढे नामदेव पंजाबात आले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे राहिले. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं, सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि देऊळ फिरल्याची गोष्ट त्यांतही येते. त्यामुळे माझ्या पंजाबी सहकाऱ्यांना ही कथा मला सांगावी लागली नाही. त्यांना ती माझ्याइतकीच पाठ होती.

या कथेत भक्ताला पुढे आणून उभं केलं जात नाही, याकडे मी पुन्हा पुन्हा परत येते. चमत्कार दोन्ही तऱ्हांनी होऊ शकला असता. पुजाऱ्यांना पश्चात्ताप होऊन त्यांनी नामदेवांना हात धरून समोर आणलं असतं, तर ती एका संताच्या मानाची गोष्ट झाली असती. इथे बाहेर काढलेला माणूस आहे तिथेच राहतो आणि दगडी इमारत वळते. हलायचं कुणी, याचा निवाडा त्या कथेनं करून टाकला आहे. आमच्या कामात हाच वाद रोज होतो, कमी सुंदर शब्दांत. लोकांना वापरता येत नाही, तर लोकांना शिकवा. मदतीचं पान जोडा. व्हिडिओ टाका, कुठे क्लिक करायचं ते. म्हणजे माणसाला फिरवा. माझी बाजू कायम दुसरी असते.

पण नामदेवांचीच दुसरी आठवण मला स्वस्थ बसू देत नाही. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. देवाच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ लागावी म्हणून तिथे त्यांनी समाधी घेतली, अशी आपली परंपरा. येणाऱ्याला वर चढायला मदत व्हावी आणि त्याचं लक्ष आपल्याकडे न जाता विठ्ठलाकडे जावं, यापेक्षा मोठी आकांक्षा डिझाइन करणाऱ्याला असू शकते असं मला वाटत नाही. त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरीला आणल्या असं परंपरा सांगते. पायरी अशी सर्वांच्या पायाखाली अंथरलेली, आणि तरी अस्पृश्य ठरवलेल्या चोखोबांच्या लोकांना सहाशे वर्षं तिच्यावरून आत जाता आलं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं.

म्हणून नुसती चांगली पायरी पुरत नाही. दारावर नियम कोण लिहितं, हेही बघावं लागतं. अक्षरं ठळक केली, बटणं मोठी केली, सगळ्या चौकटींना नावं दिली, आणि मग फॉर्मनं सांगितलं की आडनाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तर ज्याला आडनाव नाही तो बाहेरच राहिला. दक्षिणेत असे लाखो आहेत, आणि पंजाबातही आडनाव न लावणारे पुष्कळ. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्यापुढे असाच नियम आला. ओळख पटवायची तर कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडा, असं यंत्र म्हणत होतं, आणि पापणी मिटणं त्यांना शक्य नव्हतं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या खटल्यात, सुलभतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं त्याच न्यायालयानं सरकारला बजावलं. मुळात २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, हे आमच्याकडे येणाऱ्या फार थोड्या व्यावसायिकांना ठाऊक असतं. धर्म ज्याला काही शतकं घेतो ते कायद्यानं थोडं लवकर व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि कायद्याचा धाक दाखवून एखादी चौकट दुरुस्त झाली तर त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

इथवर आल्यावर मात्र उलट बाजूचा, जास्त कठीण प्रश्न येतो. सोपेपणा हा नेहमी पाहुण्यासाठीच असतो का? कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये पाच टिचक्यांत पन्नास हजार रुपये खात्यात येतात. दार असं सताड उघडं, की उंबरठा लागतच नाही. माझ्या सगळ्या निकषांवर हे उत्तम डिझाइन ठरेल, आणि तरी ते पाप असू शकतं. कारण इथे दाराची अडचण काढताना वस्तूची अडचणही काढून टाकलेली आहे. कर्ज ही विचार करून घ्यायची गोष्ट; व्याज किती, हप्ता किती, चुकला तर काय, हे जड वाटायलाच हवं. कठोपनिषदाचेच शब्द घ्यायचे तर प्रेयाचं, म्हणजे नुसतं हवंसं वाटतं त्याचं, दार गुळगुळीत केलं आणि श्रेयाचं, म्हणजे खऱ्या हिताचं, जड. यमानं नचिकेताला हत्तीघोडे देऊ केले ते किती सहज, तेही आठवावं. मागायचाच अवकाश होता.

म्हणून कधीकधी मी मुद्दाम अडचण घालते. खातं कायमचं पुसून टाकताना, मोठी रक्कम पाठवताना, कर्जाला होकार देताना एक पान मध्ये येतं आणि रक्कम आकड्यात आणि अक्षरात दाखवतं, एकूण किती फेडावं लागेल तेही त्याच आकाराच्या टायपात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. कर्जाच्या ठळक बाबींचं एक पत्रक आधी द्यायचं, आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करून बाहेर पडता यायला हवं. मला त्यातलं हे बाहेर पडणं फार महत्त्वाचं वाटतं. येण्याची वाट आणि जाण्याची वाट, दोन्ही सारख्याच सोप्या आहेत का, एवढं बघितलं की सोपेपणा कुणासाठी केला आहे ते लपत नाही. एका टिचकीत सभासद होता येतं आणि सोडायचं तर सोमवार ते शुक्रवार अकरा ते चार फोन करा, अशी साइट असेल तर तिथे आतिथ्य नाही, सापळा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नाव घेऊन सांगितले. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, खोटी घाई लावणं, नाही म्हणणाऱ्याला लाज आणणं, सभासदत्वातून सुटू न देणं. तेराही वाचले तर पतंजलीनं यम या नावानं सांगितलेल्या व्रतांपैकी सत्य आणि अस्तेय एवढी दोनच मोडलेली दिसतात. खोटं बोलू नका, चोरू नका.

नचिकेतानं पहिला वर कुठला मागितला, याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. मी इथून परत जाईन तेव्हा वडिलांचा राग गेलेला असू दे, त्यांनी मला ओळखावं आणि प्रेमानं बोलावं. सगळ्यात आधी त्यानं घरी परतण्याची वाट मागितली. आणि ज्याच्या घरातून कुणी परत येत नाही त्या यमानं ती एका शब्दात देऊन टाकली.

माझे काही सहकारी म्हणतात, तू यात उगाच धर्म आणतेस. साइट सोपी केली की विक्री वाढते, फोन कमी येतात, तेवढं कारण पुरे. विक्री वाढते हे पुष्कळदा खरं आहे, आणि ग्राहकाशी बोलताना मीही ते सांगते. पण त्यावर भिस्त ठेवायची माझी तयारी नाही. आमच्याच धंद्यात लांबलचक फॉर्म मुद्दाम ठेवणारे आहेत. जो कंटाळून जातो तो नाही तरी घेणारा नव्हता, उरतो तो पक्का, असा त्यांचा हिशेब, आणि काही व्यवसायांत तो हिशेब बरोबरही निघतो. मग तिथे काय करायचं? नफा हेच कारण असेल तर नफ्यासाठी दार अडवायलाही हरकत नाही. वेबसाइटवर येणाऱ्यांत बहुसंख्य काही विकत घेत नाहीत. कुणी पत्ता बघायला येतो, कुणी नोकरी शोधत, कुणी कॉलेजच्या प्रकल्पासाठी, कुणी चुकून. त्यांच्याकडून काही मिळणार नाही हे ठाऊक असून त्यांच्यासाठी वाट नीट ठेवायची की नाही, इथे धर्म सुरू होतो. नचिकेतही काही घेऊन आला नव्हता.

आणि पैसे घेऊन केलेलं काम हे धर्माचं काम कसं, असंही मला विचारतात. महाराष्ट्रात तरी हा प्रश्न पडू नये. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. सेना न्हाव्यांचं पदही गुरुग्रंथसाहिबात आहे. ही सगळी कामं दाम घेऊनच होत होती. मडक्याचे पैसे घेतले म्हणून मडकं गळकं चालतं, असं गोरोबांना वाटलं असेल असं मला नाही वाटत.

त्या बँकेतल्या तरुणालाही आम्ही दाम देतो. आता तो एकटा नाही. मनीमाजऱ्यातली शिवणकाम करणारी एक बाई येते, जिला इंग्रजी येत नाही, आणि एक निवृत्त सुभेदार येतात, ज्यांचा हात थरथरतो आणि लहान बटणावर बोट टेकत नाही. सुभेदारसाहेब कधी रागावत नाहीत, पण बटण चुकलं की पडद्याकडे बघून “ओए” म्हणतात, आणि आमची मुलं लगेच ते बटण लिहून ठेवतात. तिघांना ताशी मानधन मिळतं आणि आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ असते. परवा मोहालीच्या एका गृहस्थांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही काढली तर किती कमी होईल. मी आकडा सांगितला. ही ओळ काढायची असेल तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, हेही सांगितलं. त्यांनी भावाशी बोलायला आठवडाभर मागून घेतला आहे.